वहिनीच्या कॉम्प्युटरचं प्रगतिपुस्तक

माझा धाकटा दीर हुशार आहे, हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. किती हुशार, ते मात्र नंतर कळलं आणि ते कळेपर्यंत आमची इस्त्री, दारावरची बेल आणि एक चांगला चालणारा रेडिओ कामी आले. त्यामुळे सासऱ्यांचे दात ऐन वेळी कॉम्प्युटरमध्ये अडकलेले असताना तो मागच्या खोलीत येऊन म्हणाला, "वहिनी, तू काळजी करू नकोस, नेमकं काय अडलंय ते मी मोजून देतो," तेव्हा मी आधी कॉम्प्युटरच्या आडवी उभी राहिले.

दात अडकले म्हणजे काय, ते सांगते. मी दात बनवते. गावातले दाताचे डॉक्टर तोंडाची मापं घेऊन माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यांना टोप्या, ब्रिज, कवळ्या करून देते. घराच्या मागच्या खोलीतच माझी लॅब आहे. खिडकीखाली हातभर रुंदीचं टेबल, त्यावर बर्नर, छोटं घासायचं यंत्र आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून ते सगळे एकदम हसतात, म्हणून वीजमीटर बघायला येणारा माणूस दारातूनच आकडा विचारतो. पूर्वी मी सगळं मेणात हाताने कोरायची. आता दाताचा आकार कॉम्प्युटरवर ठरवायचा आणि शेजारचं यंत्र तो पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून देतं. यंत्र नवं आहे. कॉम्प्युटर मात्र माझ्या धंद्याइतकाच जुना. एक मोठं काम दिलं की त्याला धाप लागते.

आणि या वेळचं काम मोठं होतं. सासरे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, पण त्यांचा खरा हुद्दा म्हणजे शहराच्या बँडमधले पहिले क्लॅरिनेटवाले. दर रविवारी संध्याकाळी बागेत बँड वाजतो आणि पुढच्या रांगेतली डावीकडची खुर्ची सासऱ्यांची, हे बागेतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. दोनेक महिन्यांपूर्वी ते पडदा लावायला स्टुलावर चढले. पडदा लागला, सासरे खाली आले आणि वरचे पुढचे चार दात गेले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवून धरतात. दात नाहीत तर क्लॅरिनेट नाही.

बँडमास्तरांनी खुर्ची राखून ठेवली, पण कुठवर राखणार? त्यांनी निरोप धाडला होता: येत्या रविवारी कार्यक्रमाआधीच्या तालमीला आलात तर तुमची, नाहीतर पुढच्या कार्यक्रमांसाठी दुसरा माणूस बसवावा लागेल. निरोप ऐकून सासरे "बरं" एवढंच म्हणाले. दात गेल्यापासून ते फारसं बोलतच नव्हते. मात्र दिवसातून दोन-तीनदा क्लॅरिनेटची पेटी उघडायचे, त्याचे सुटे तुकडे पुसायचे, सांध्यांना तेल लावायचे आणि पेटी मिटायचे. मी मनात म्हणायची, बघा, किती उतावीळ झालेत.

सुदैवाने त्यांच्या जुन्या दातांचा साचा माझ्या फळीवर होता. मागे कधीतरी त्यांची दाढ केली होती, तेव्हाचा. त्यात मधल्या दोन दातांच्या कडेला बारीकशी खाच होती, वर्षानुवर्षं क्लॅरिनेट टेकून झिजलेली. सासऱ्यांनी साचा हातात घेतला, खाचेवरून नख फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "सूनबाई, ही ठेव. ही नसेल तर तोंडाला घर बदलल्यासारखं वाटेल."

आता अशी खाच नेमकी उतरवायची तर साचा अगदी बारीक नजरेने स्कॅन करायला हवा. मी केला. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. एवढं बारीक चित्र कॉम्प्युटरच्या मेमरीत मावेना. पडद्यावर निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची आणि बसायची. आतून घरघर, पुढचा दिवा लुकलुकतोय, पट्टी जागच्या जागी.

"काम करतोय बिचारा," मी म्हटलं. "बघ, कसा घामाघूम झालाय."

"घामाघूम होणं म्हणजे काम करणं नव्हे, वहिनी," दीर म्हणाला. "हीच तर सगळ्यांची चूक होते. आमच्या साहेबांचीसुद्धा."

दीर ज्या कंपनीत काम करतो तिथे साध्या, स्वस्त कॉम्प्युटरांसाठी प्रोग्रॅम लिहितात. मेमरी कमी पडली की कोणाला तरी बंद करून जागा करावी लागते. पण कोणाला, हा त्याचा विषय. त्याच्या कंपनीचा जुना नियम म्हणे असा होता, की सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला बंद करा. दिराला हा धडधडीत अन्याय वाटायचा. तो म्हणायचा, जागा किती अडवली हे विचारूच नका, काम किती पुढे सरकलं ते विचारा. बोलणं मला पटायचं. त्याने केलेल्या वस्तूंचं मात्र तसं नव्हतं.

"हे टेबल बघ," तो म्हणाला. "समज, टेबल लहान आहे."

"समजायचं कशाला, आहेच लहान."

"तर साचा ठेवायचा म्हणून तू बर्नर उचलून कपाटात ठेवतेस. मग बर्नर हवा असतो, म्हणून साचा कपाटात आणि बर्नर टेबलावर. मग पुन्हा साचा हवा. दिवसभर तुझी टेबल ते कपाट पळापळ. बाहेरून बघणारा म्हणेल, काय राबते ही बाई! आणि संध्याकाळी दात किती झाले? शून्य. तुझ्या कॉम्प्युटरचं तेच चाललंय. मेमरी म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट."

मला हे एकदम कळलं, आणि दिराचं बोलणं एकदम कळलं याची मला जरा भीतीच वाटली.

"म्हणून मी हे केलंय," म्हणून त्याने आपला नवा प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरवर चढवला. नाव ठेवलं होतं 'प्रगतिपुस्तक'. कॉम्प्युटरवर जे जे चाललेलं असेल त्या प्रत्येकाचं नाव, आणि पुढे आकडा: गेल्या थोड्या वेळात याने खरं काम किती वेळ केलं आणि आपली वस्तू कपाटातून यायची वाट बघत नुसता किती वेळ उभा राहिला. फार वेळ नुसता उभा राहिला तर तांबडा शेरा, नापास. तरीही सुधारला नाही तर प्रगतिपुस्तक त्याला वर्गाबाहेर काढणार, म्हणजे बंद करणार. पुढच्या आठवड्यात हे सगळं कंपनीतल्या वरिष्ठांना दाखवायचं होतं आणि त्याआधी एखाद्या मरतुकड्या कॉम्प्युटरवर त्याची परीक्षा व्हायला हवी होती. माझ्याकडच्यापेक्षा मरतुकडा कॉम्प्युटर त्याच्या ओळखीत कोणाकडे नव्हता.

"म्हणजे मला मदत नाहीच ही. अहो भावोजी, तुम्ही तर उंदीर शोधत आलात औषध पाजायला!"

मी त्याला चिडवायचं असलं की 'अहो भावोजी' म्हणते. रागावले की 'अरे'.

"दोघांचाही फायदा, वहिनी," तो म्हणाला आणि माझंच स्टूल ओढून बसला.

मी दातांचं काम पुन्हा सुरू केलं. निळी पट्टी हळूहळू सरकत अर्ध्याच्या पुढे गेली, पाऊणपर्यंत पोचली. मी श्वास रोखला. आणि पडद्यावरून सगळं नाहीसं झालं. दात नाहीत, पट्टी नाही, काही नाही. मागे एकटं प्रगतिपुस्तक, त्यावर माझ्या प्रोग्रॅमचं नाव तांबड्यात.

"बघ!" दीर आनंदाने ओरडला. "बघ, काम करतंय!"

"अरे, तुझं करतंय!" मी ओरडले. "माझं बंद पाडलं त्याने!"

"पण ते पुढे सरकतच नव्हतं, वहिनी. आकडा बघ ना. जवळजवळ सगळा वेळ नुसतं उभं."

"पाऊण पट्टी काय हवेत सरकली?"

तो आकड्यांत अधिकच वाकून बघू लागला. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पाऊण, पुन्हा तांबडा शेरा, पुन्हा गायब. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. बरं, हाकलावं तर दिराचा चेहरा इतका उतरलेला, की जीभ रेटेना. त्याने खरंच मनापासून केलं होतं ते. यादीत सगळे नापास होत होते, अगदी घड्याळ दाखवणारा एवढासा प्रोग्रॅमसुद्धा, आणि हे पाहून त्याला वाटायला लागलं होतं की माझा कॉम्प्युटरच मुळात नालायक आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

एवढ्यात दारात सासरे आले. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणजे, झालं का?

"होतंय, बाबा."

ते गेले. दहा मिनिटांनी पुन्हा आले. मी तोवर एका दुसऱ्या डॉक्टरांची कवळी हातात घेतली होती. हातमोजे काढले, चष्मा वर केला, यंत्र बंद केलं. "अजून नाही, बाबा. पट्टी अर्ध्यावर आहे." ते गेले. मी चष्मा खाली, हातमोजे चढवले, यंत्र सुरू केलं, कुठला दात घासत होते ते शोधलं. ते पुन्हा दारात. आता त्यांना अर्धी म्हणजे नेमकी किती ते हवं होतं. मी पुन्हा मोजे काढले.

पाचव्या खेपेला मात्र माझा तोल सुटला. "बाबा, काम किती झालं ते सांगण्यातच माझा सगळा वेळ चाललाय! तुम्ही विचारता म्हणून मी थांबते. मी थांबते म्हणून उशीर होतो. उशीर होतो म्हणून तुम्ही आणखी विचारता. तुमचे दात कॉम्प्युटरमध्ये नाही, तुमच्या विचारण्यात अडकलेत!"

सासऱ्यांनी नुसती मान हलवली आणि पाय न वाजवता निघून गेले. मला फार वाईट वाटलं. दात नसलेल्या माणसावर ओरडणं सोपं असतं, तो उलट बोलत नाही.

मी दिराकडे वळले, तर तो माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

"तू काय म्हणालीस आत्ता?"

"चुकलं माझं, जाते मी माफी मागायला."

"नाही नाही. उशीर होतो म्हणून आणखी विचारता..." त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, कोणी अडलं की प्रगतिपुस्तक त्याच्याकडे जास्त बारकाईने बघतं. मीच तसं लिहिलंय. जितकं जास्त अडेल तितक्या जास्त वेळा मोजायचं, आणि मोजलेलं सगळं जवळ ठेवायचं."

"कुठे ठेवायचं?"

तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मेमरीत."

"म्हणजे माझ्या टेबलावर."

"टेबलावर. आणि... ते कपाटात जाऊ नये म्हणून मी त्याला टेबलावर कायमची जागा राखून दिलीय. मोजणाराच अडकला तर मोजणार कोण, असा विचार केला मी."

मी यादी वरून खाली वाचली. माझा प्रोग्रॅम, घड्याळ, छपाई, यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम. "यात प्रगतिपुस्तकाचं नाव कुठेय?"

"ते यादीत नाही. ते कसं असेल? ते तर... मोजतंय."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण घालणारा माझ्या स्टुलावर बसून शेताला नापास करत होता. मी हसू लागले. आधी तोंड दाबून, मग टेबलाला धरून. फळीवरचे जबडेही हसत होतेच. दीर थोडा वेळ फुगून बसला आणि मग त्यालाही हसू फुटलं. हुशार माणसांत हा एक गुण असतो. चूक चांगली मोठी असली की त्यांना तिचं कौतुकच वाटतं.

त्याने लगेच प्रगतिपुस्तकाचं नाव यादीत घातलं आणि त्याची राखीव जागा काढून घेतली. मी काम पुन्हा सुरू केलं. निळी पट्टी अडखळली, प्रगतिपुस्तक जास्त बारकाईने बघू लागलं, स्वतःच वाट बघत उभं राहिलं, स्वतःला तांबडा शेरा दिला आणि आम्ही दोघं बघत असतानाच त्याने स्वतःला वर्गाबाहेर काढलं.

"प्रामाणिक आहे," मी म्हटलं.

"वरिष्ठांना हेच दाखवतो," दीर म्हणाला. "आधी हे, मग दुरुस्त केलेलं."

जाता जाता त्याने घड्याळ आणि छपाई यांनाही बाहेर काढलं होतं, त्यामुळे सगळं टेबल आता दातांना मिळालं आणि पट्टी, हळूहळू का होईना, सरकत राहिली. आम्ही चहा पिऊन येईतो शेवटाला पोचली होती. पडद्यावर सासऱ्यांचे चार दात उभे होते, मधल्या दोघांना ती खाच. यंत्राने ते कोरले, मी भट्टीत भाजले, रंगवले, आणि शनिवारी डॉक्टरांनी बसवून दिले. घरी येताना सासरे वाटभर जिभेने खाच चाचपत होते. आरशापुढे उभे राहून त्यांनी ओठ वर केला, मग माझ्याकडे वळून हसले. दोनेक महिन्यांनी. माझे सगळे कष्ट फिटले.

मला वाटलं, गोष्ट संपली.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सासऱ्यांनी पेटी उघडली. आम्ही भोवती जमलो. शेजारच्या काकू आल्या. माझा नवरा बोटीवर नोकरीला आहे. तो फोनवरून बघत होता आणि दीर फोन धरून उभा होता. सासऱ्यांनी तुकडे पुसले, सांध्यांना तेल लावलं, तुकडे जोडले. पुन्हा सोडवले. पुन्हा पुसले. तोंडावरची वेताची पत्ती बदलली, उजेडात धरून बघितली, पुन्हा बदलली.

"वाजतंय का, बाबा?" फोनमधून नवरा.

"दात टोचत नाहीत ना?" काकू.

"किती टक्के जमेल असं वाटतंय, बाबा?" दीर. याला अक्कल कधी येणार?

"सांगतो," सासरे म्हणाले आणि पुन्हा फडकं उचललं.

आणि मला एकदम दिसलं. एवढे दिवस मी ज्याला उतावीळपणा समजत होते ती टेबल ते कपाट पळापळ होती. पेटी उघड, पूस, तेल लाव, मीट. हात सतत चाललेले आणि सूर एकही नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याला मी फसले होते, तशीच इथेही फसले होते.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "बाबा?"

त्यांनी वर न बघता हळूच म्हटलं, "दात नव्हते तेव्हा बरं होतं, सूनबाई. दात नाहीत म्हणून वाजवत नाही, असं म्हणता येत होतं. आता नाही वाजलं, तर कशाचं नाव सांगू?"

मी उठले आणि जे करता येत होतं ते केलं. काकूंना हाताला धरून बाहेर नेलं. दिराच्या हातातला फोन घेतला, नवऱ्याला "नंतर" म्हटलं आणि फोन बंद केला. दिराला पाठीत बोट टोचून पुढे घातलं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा खिळ्यावरून काढून बगलेत मारलं. दाराशी वळून म्हटलं, "आम्ही कोणी विचारणार नाही, बाबा. काही म्हणजे काही नाही." आणि दार ओढून घेतलं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही तिघं उभे. आत काहीच आवाज नाही. बराच वेळ नाही. दिराने तोंड उघडलं. मी बघितलं, तसं त्याने ते मिटलं. काकूंनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

मग आतून एक सूर आला. सूर कसला, दाराचं बिजागर कुरकुरावं तसा काहीतरी. तो मध्येच फाटला आणि थांबला. आम्ही हललो नाही. पुन्हा तोच सूर, थोडा लांब. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तो लागला, थरथरला आणि मग टिकला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, सावकाश, पायरी चाचपत उतरणाऱ्या माणसासारखा. काकू भिंतीला टेकून रडत होत्या. दीर डोळे मिटून उभा होता आणि, त्याला श्रेय द्यायलाच हवं, बोटांवर काहीही मोजत नव्हता. माझ्या बगलेत घड्याळ टिकटिकत होतं, ते मी आणखी घट्ट दाबून धरलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं तेव्हा सासरे बूट घालून उभे होते, हातात पेटी. खालचा ओठ लालभडक झाला होता. आमच्याकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं.

"तालमीला उशीर होतोय मला. घड्याळ कुठे गेलं? आणि तुम्ही सगळे इथे दाराशी काय करताय?"

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "वाट सोडून उभे आहोत."